बायकापोरं मागं ठेवून एकट्यानं रानावनात जाणं: धाडस का आपमतलबीपणा?

कळण्याची_भाकर
राम राम मंडळी. पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढला. लांब होईल, सांभाळून घ्या.

विषय घरचाच आहे. आमचं गाव पारोळा तालुक्यात. दादा (सख्खा मोठा भाऊ, वय ४१) जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर, १६ वर्षं एकाच ठिकाणी. पोरगी दहावीला, पोरगा सातवीला, गावी आई आणि आजी. दिवाळीत सगळे जमलो होतो, फराळ चालू होता आणि हा एकदम म्हणाला, मी राजीनामा देतोय, फेब्रुवारीत निघतोय, एकटा. आधी सातपुड्यात पालकडून तोरणमाळकडं जमेल तसं पायी, मग उन्हाळा लागला की वर उत्तराखंड, तिथून लडाख, चार-पाच महिने, आणि फोन घरीच ठेवून जाणार. वहिनी चकलीचं ताट उचलून आत गेली, एक शब्द नाही.

आई रडली. मी भांडलो. तो म्हणतो, तुम्हाला कळणार नाही, माझा श्वास कोंडतोय. व्यसन नाही, बाहेर काही लफडं नाही, कर्ज पण फिटलंय, सरळ माणूस आहे हो. म्हणून जास्त त्रास होतोय. ह्याला हिंमत म्हणायचं का जबाबदारी टाकून पळणं? प्रामाणिक मतं द्या.

बारक्या_भुसावळ
पळणं. विषय संपला. दहावीची पोरगी घरात आणि बाप तोरणमाळला, काय भो चेष्टा चालवलीय.

सातपुडा_भटक्या
@बारक्या इतकं सोपं नसतं रे. मी दहा-बारा वर्षं एकटा फिरतो. पाटणादेवी, गौताळा, इकडं मनुदेवीच्या वरची पठारं. वडील गेल्यावर दोन महिने घरात बसून सगळ्यांवर खेकसत होतो, बायकोनंच एक दिवस सॅक हातात दिली नि म्हणाली जा कुठं जायचं तिथं. पावसाळा सरता सरता पाटणादेवीच्या रानात दिवसभर एकटा चाललो, केदारकुंडाखाली बसून पोटभर रडलो नि संध्याकाळच्या गाडीनं घरी. एक दिवस फक्त. पण मी माणसात आलो. माणूस चोवीस तास घरात असून घरात नसतो असं पण असतंच की. तुझा दादा १६ वर्षं घरात होता म्हणजे नक्की किती होता ते त्याच्या बायकोला विचार.

फोन घरी ठेवायचं मात्र साफ चूक. अमेरिकेतला तो अॅरन राल्स्टन, २००३ ला एकटाच दरीत उतरला, कुठं जातोय हे कुणालाच सांगितलं नव्हतं, दगडाखाली हात अडकला, पाच दिवसांनी स्वतःचा हात स्वतः कापून बाहेर आला. लोक त्याची हिंमत सांगतात, मला त्यातलं न सांगता जाणं तेवढं दिसतं. एक चिठ्ठी लिहिली असती तर शोधायला माणसं निघाली असती. एकटं जाणं वेगळं नि बेपत्ता होणं वेगळं.

केळीवाली_यावल
वहिनी काय म्हणते ते लिहिलंच नाही तुम्ही. ताट उचलून आत गेली, मग?

कळण्याची_भाकर
@केळीवाली ताई ती काहीच बोलत नाही. स्वभावच शांत आहे.

केळीवाली_यावल
शांत नसतं कुणी. विचारलं का कुणी तिला?

चहा_कट
थोडं विषयांतर वाटेल पण वाचा. १९६८ ला इंग्लंडमध्ये एकट्यानं न थांबता शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणेची शर्यत लागली होती. डोनाल्ड क्रोहर्स्ट म्हणून एक होता, समुद्राचा फार अनुभव नाही, धंदा बुडत चाललेला, घरी बायको आणि चार लहान मुलं. बोटीला पैसे देणाऱ्याशी करार असा की शर्यत अर्धवट सोडली तर बोट ह्यानंच विकत घ्यायची, म्हणजे घरादारावर जप्ती. ३१ ऑक्टोबरला कशीबशी बोट काढली. अटलांटिकमध्येच कळलं की ही बोट दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही. पुढं गेलं तर मरण, मागं फिरलं तर दिवाळं. मग गडी अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवर खोटी ठिकाणं कळवत राहिला. १० जुलै १९६९ ला बोट रिकामी सापडली. वह्या होत्या, माणूस नव्हता.

शर्यत जिंकली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं, ३१३ दिवसांत. त्याला ५,००० पौंड मिळाले ते त्यानं सगळे क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना देऊन टाकले.

हे सांगायचं कारण, क्रोहर्स्ट काही समुद्राच्या ओढीनं गेला नव्हता, घरी परत तोंड दाखवता येईना म्हणून तिकडं अडकला. तुझ्या दादाला नीट विचार, कारखान्यात काही झालंय का? कर्ज फिटलंय असं तू म्हणतोस, ते तुला कुणी सांगितलं, त्यानंच ना?

कळण्याची_भाकर
हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. विचारतो.

वकीलसाहेब_धुळे
भावनेचं बाकीचे बोलतीलच, मी कोरडं बोलतो. माणूस गेला आणि परत आला तर छानच. मेला तर वाईट पण निदान कागद होतात. बेपत्ता झाला तर घरचे लटकतात. सात वर्षं काही खबर नसेल तेव्हा कुठं कायदा त्याला मेलेला धरायला तयार होतो (जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, नव्या कायद्यातही तेच आहे), आणि तेही आपोआप नाही, कोर्टातून जाहीर करून आणावं लागतं. तोपर्यंत मृत्यूचा दाखला नाही, म्हणून सातबाऱ्यावर वारस लागत नाही, विम्याचा क्लेम होत नाही, वर पॉलिसी जिवंत ठेवायची तर हप्ते बायकोनंच भरायचे. नवरा नाही त्याचे हप्ते. माझ्याकडं अशी एक बाई यायची, कपाळावर कुंकू ठेवायचं का पुसायचं हे पण तिला गावातले लोक सांगायचे.

आणखी एक गंमत. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये घटस्फोटाची जी कारणं दिलीत त्यात जोडीदारानं संसार सोडून संन्यास घेतला हे पण एक कारण आहे. म्हणजे मोक्षाला निघालात तरी मागच्या माणसाला सुटायची वाट कायद्यानं ठेवलीय. दोन वर्षं टाकून दिलं तरी घटस्फोट मागता येतो, पोटगी वेगळीच.

तेव्हा दादांना म्हणावं जा बापू, पण नॉमिनी बघून, खात्यावर बायकोचं नाव लावून, सह्या करून जा. आणि सातपुड्यातल्या अभयारण्यातून फिरायला वनखात्याची परवानगी लागते, पाल-यावलचा भाग अभयारण्यात येतो. मनात आलं नि शिरलं असं होत नाही.

बारक्या_भुसावळ
वकीलसाहेबांनी पार पंक्चर काढलं 😄

अध्यात्मिक_आबा
सिद्धार्थ गौतम यशोधरा आणि नुकतंच जन्मलेलं बाळ सोडून गेले म्हणून जगाला बुद्ध मिळाले. समर्थ तर सावधान ऐकून बोहल्यावरूनच निघाले. त्या वेळी हा धागा असता तर तुम्ही त्यांनाही पळपुटे म्हटलं असतं. प्रत्येक गोष्ट ईएमआयच्या तराजूत घालू नका.

केळीवाली_यावल
आबा, आदर ठेवून विचारते. यशोधरा राजवाड्यात होती, दास-दासी होत्या, सासरा राजा होता. तरी तिच्या जीवाला काय झालं असेल ते असेल. आमच्याकडं राजवाडा नाही हो. समर्थांचं मला उलट पटतं, ते लग्न लागायच्या आधी पळाले. नंतर पळायचं हे पुरुषांना बरं सुचतं.

आता माझं सांगते, टायपायला वेळ लागला तर समजून घ्या, मोबाईलवरून लिहितेय. माझा नवरा दरवर्षी मे महिन्यात हिमालयात जातो. वीस-पंचवीस दिवस. ग्रुपवर फोटो टाकतो, बर्फात एकटा उभा, खाली लोक लिहितात वाघ आहेस भावा. आमची केळी आहे साडेतीन एकर. मे म्हणजे ४४-४५ डिग्री, बागेला एक दिवस पाणी चुकलं तर घड काळे पडायला लागतात, त्यात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा नि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की बारा-साडेबाराला बॅटरी घेऊन मी जाते मोटार चालू करायला नि कॉक फिरवायला. सासरे आहेत पण त्यांना दिसत नाही नीट. आमच्या शिवारात बिबट्या आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, केळीच्या बागेसारखी गार नि दाट जागा त्याला दुसरी कुठली मिळणार. मागच्या वर्षी बांधावर ठसे बघितले होते ताजे. मी मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावते नि हातात काठी आपटत आपटत जाते. पाय थरथरतात. दोन तास तिथंच बसून राहते कारण लाईट जाते-येते, मोटार परत चालू करावी लागते. त्या दोन तासात मी पण एकटीच असते, झाडं पण असतात, जनावर पण असतं. माझा फोटो कुणी काढला नाही नि मला वाघ पण कुणी म्हणालं नाही.

नवऱ्यावर राग नाही. चांगला आहे. पण हे हिंमत-हिंमत ऐकलं की हसू येतं.

सातपुडा_भटक्या
... ताई, काय बोलू.

चहा_कट
हे वाचून माझा चहा गार झाला. मनापासून सांगतो, सगळ्या धाग्यात ही एक पोस्ट बास आहे.

पुण्यात_खानदेशी
केळीवाली ताईंवरून आठवलं. अॅलिसन हारग्रीव्ह्ज म्हणून ब्रिटिश गिर्यारोहक होती. मे १९९५ मध्ये ऑक्सिजनची नळकांडी न वापरता, शेर्पांची मदत न घेता एव्हरेस्ट चढली. ऑगस्टमध्ये के-टूचा माथा गाठला नि उतरताना वादळात गेली. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चारची. मेल्यावर पेपरांनी तिला धुतलं, आई असून अशी कशी गेली म्हणून. त्याच वादळात पुरुष पण मेले बरं का, चर्चा हिचीच. उलट मॅलरी बघा, १९२४ ला एव्हरेस्टवर गेला तो परत आला नाही, घरी बायको नि तीन मुलं. प्रेत सापडलं १९९९ ला. शंभर वर्षं झाली तरी मॅलरी म्हणजे दंतकथा, बाप असून असा कसा गेला असं त्याला विचारणारे किती?

अॅलिसनचा तो सहा वर्षांचा मुलगा मोठा होऊन स्वतः नामांकित गिर्यारोहक झाला आणि २०१९ मध्ये नंगा पर्वतावर त्याचा पण जीव गेला. आता ह्यातून काय काढायचं ते ज्यानं त्यानं काढा, मला काढता येत नाही.

बारक्या_भुसावळ
म्हणजे दादाऐवजी वहिनी म्हणाली असती की मी पाच महिने एकटी चालले तर धागाच निघाला नसता. डायरेक्ट माहेरी फोन गेला असता.

नंदुरबारचा_मास्तर
उशिरा आलो. मी बाहेरचा, मूळचा शिरपूरकडचा, पण धडगाव भागात अकरा वर्षं शाळेवर आहे. दोन गोष्टी खटकल्या त्या सांगतो.

पहिली, तुम्ही सगळे सातपुड्याला निर्जन म्हणून राह्यले. निर्जन कुठं आहे? पाड्यापाड्यावर पावरा, भिल्ल माणसं आहेत, शेतं आहेत, पोरं शाळेत येतात. तुमच्या दादाला तिथं एकांत नाही मिळायचा, दर दोन कोसांवर कोणीतरी विचारेल कुठं चालला, जेवला का, आणि ज्वारीची भाकरी देईल. दिवाळीनंतर माझ्या शाळेतली निम्मी पोरं गायब होतात कारण आईबाप गुजरातेत ऊसतोडीला जातात, काही पोरांना बरोबर नेतात, काहींना म्हाताऱ्यांकडं ठेवतात. घर मागं टाकून जाणं इथं दरवर्षीचं आहे, फक्त त्याला कोणी साहस म्हणत नाही. तुमच्या दादाला निदान निवडता तरी येतंय.

दुसरी. आमच्याकडं अस्तंब्याचा डोंगर आहे, चार हजार फुटांच्या वर. धनतेरसला यात्रा असते, तळोद्याहून लोक हजारोंनी चालत निघतात, रात्रभर मशाली-बॅटऱ्यांची रांग दिसते. देव कोण, तर अश्वत्थामा. कपाळाचा मणी काढून घेतला नि शाप दिला की तीन हजार वर्षं एकटा रानात भटकशील, कोणी बोलणार नाही. लोक सांगतात तो अजून ह्याच डोंगरात फिरतो, रात्री वाटसरूंना भेटतो नि जखमेवर लावायला तेल मागतो. वाट चुकलेल्यांना वाट पण दाखवतो म्हणे. आता बघा, आपल्या जुन्या माणसांना एकटं रानात फिरणं ही जगातली सगळ्यात मोठी शिक्षा वाटली, मरणापेक्षा मोठी. आणि आपण त्यासाठी राजीनामा देऊन राह्यलो. काहीतरी उलटं झालंय मधल्या काळात. कारखान्यात झालं का गावात झालं माहीत नाही. दादाला एकांत पाहिजे असेल तर कशापासून पाहिजे ते बघा. आणि धनतेरसला पाठवा इकडं, हजार माणसांत चालेल नि एकटा पण राहील.

अध्यात्मिक_आबा
मास्तर, छान लिहिलंत. मी माझं वाक्य मागं घेत नाही, पण छान लिहिलंत.

कळण्याची_भाकर
मंडळी, आठ दिवसांनी येतोय. गावी जाऊन आलो. @चहा_कट तुमचा प्रश्न बरोबर निघाला. दादाच्या वरती मालकाचा भाचा आणून बसवला, दादापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि कामगारांसमोर दादाला काहीबाही बोलला. सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगताना पण कारखान्याच्या गेटाकडं बघत होता, घरात बसलो होतो तरी. (म्हणजे घरातून गेट दिसत नाही, पण नजर तशी होती, कळलं असेल तुम्हाला.)

आता मोठी गोष्ट. आमच्या घरात एक अभिमानाची कथा आहे, आजोबांनी पायी नर्मदा परिक्रमा केली. लहानपणापासून ऐकतोय. एकटे गेले, शूलपाणीच्या झाडीत लुटले गेले, अंगावर लंगोटी फक्त ठेवली, तरी पुढं चालत राहिले. परत आले तेव्हा गावानं वाजतगाजत आणलं, कढई केली, पाया पडायला रांग. त्यांचा फोटो आहे ओट्यावर, हार घातलेला. दादा वाद घालताना हेच म्हणाला, आजोबा गेले तर पुण्यवान, मी गेलो तर बेजबाबदार, फरक काय तर मी देवाचं नाव घेत नाही. मला उत्तर आलं नाही खरं सांगतो.

आजी पलंगावर पडून ऐकत होती. ऐंशीच्या घरात आहे, कमी बोलते. मी सहज विचारलं, आजी, आजोबा कोणत्या वर्षी गेले होते? तर म्हणाली, "बहात्तरले. दुस्काळमा."

आम्ही सगळे गप्प. एवढी वर्षं कथा ऐकली पण साल कुणी विचारलंच नव्हतं. १९७२. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, बैल विकलेले. माझे वडील ११ वर्षांचे, खाली दोन आत्या. आणि आजोबा कार्तिकात निघाले. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, धाकट्या आत्याला कडेच्या बाभळीला झोळी बांधून. सुकडी (कामावर वाटायचे तो खाऊ) मिळायची ती पोरांना, स्वतः मायलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. सगळं शांतपणे सांगत होती, जणू शेजारणीचं सांगतेय. मग म्हणाली, "त्यानी पुन्य कमाडं, मी खडी फोडी." ज्यांना अहिराणी येत नाही त्यांनाही कळलं असेल. आणि थोडं थांबून, "त्याले रोज सदावर्त भेटे." परिक्रमावाल्यांना वाटेत लोक जेवू घालतात ना, ते.

मी म्हटलं, तू कधी बोलली काबरं नाही? तर म्हणे, कोणी इचारं नही.

@केळीवाली ताई, तुम्ही पहिल्याच दिवशी हाच प्रश्न विचारला होता. वहिनीला अजूनही मी विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं.

केळीवाली_यावल
मग?

पुण्यात_खानदेशी
अरे पुढं लिही बाबा, इथं सगळे थांबलेत.

कळण्याची_भाकर
वहिनीकडं यादी तयार होती हो! पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली, दिवाळीच्या रात्रीच लिहिली म्हणे. मी एक-दोन वाचल्या. पीएफचे पैसे आधी जॉइंट खात्यात. दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत जायचं नाही. फोन न्यायचा, रविवारी लावायचा, बाकी सहा दिवस बंद ठेवला तरी चालेल. पाच महिने नाही, दीड. आणि आजीला त्यांनी स्वतः सांगायचं, मी सांगणार नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "आल्यावर मी पंधरा दिवस." पुढं काहीच नाही. कुठं, कशाला, काही नाही. मी विचारलं कुठं जाणार तर म्हणाली अजून ठरवलं नाही, आधी पंधरा दिवस तर मिळू देत.

मला दादाचा राग होता तो कमी झाला असं नाही. पण त्याच्याबरोबर स्वतःचा पण आला. मी १८ वर्षं पुण्यात आहे. आईची शुगर, आजीचं दुखणं, शेताचं खतपाणी, दर शनिवारी जळगावहून गावी जाऊन सगळं दादा-वहिनी बघतात. मी दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन जातो नि धागे काढतो.

बारक्या_भुसावळ
हे मी पहिल्या दिवशीच लिहिणार होतो, पण म्हटलं नवीन माणूस आहे.

वकीलसाहेब_धुळे
वहिनींना माझ्याकडं ज्युनिअर म्हणून पाठवा. यादीत फक्त नॉमिनी राहिलंय.

सातपुडा_भटक्या
दीड महिना भरपूर आहे रे. पहिला आठवडा पाय दुखण्यात जातो, दुसऱ्यात घरची आठवण येते, तिसऱ्यात जरा डोकं शांत होतं. लडाख सोडून दे म्हणावं, उत्तराखंडच नीट करू दे. मार्गावरच्या गावांची नावं घरी लिहून ठेवायची, तारखेसह. हे माझ्याकडून यादीत घाल.

नंदुरबारचा_मास्तर
आजीला सांगितलं का त्यानं?

कळण्याची_भाकर
सांगितलं. मागच्या शनिवारी. मी नव्हतो, वहिनीनं फोनवर सांगितलं. आजी म्हणे बराच वेळ काही बोलली नाही, हा पायाशी बसून होता. मग कोनाड्यातली तेलाची बाटली काढून दिली, ती गुडघ्याला लावते ती. पायले लाव म्हणे, चालीचालीसन दुखतीन. मास्तर, मला लगेच तुमचा अश्वत्थामा आठवला. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली तुम्ही लोक फार विचार करता, बाटली आता बॅगेत सांडू नये म्हणजे झालं.

चहा_कट
मग तारीख काय ठरली?

कळण्याची_भाकर
पेपर संपल्यावर, एप्रिलचा पहिला आठवडा. राजीनामा अजून दिलेला नाही, आधी बिनपगारी रजेचा अर्ज टाकलाय, भाच्यानं सही केली तर बरं. भुसावळहून दिल्लीचं तिकीट काढलंय. वेटिंग ३१.

बारक्या_भुसावळ
३१ म्हणजे होईल रे, आरएसी तरी नक्की. मी स्टेशनजवळच राहतो. गाडीच्या वेळेला भरीत-पुरी घेऊन येतो, एकटा जाणाऱ्याला डबा कोण देणार.

केळीवाली_यावल
डबा वहिनी देईल, तुम्ही वहिनीच्या पंधरा दिवसांचं तिकीट बघा.